विश्लेषण : एका बेअरिंगवाचून ट्रॅक्टर का अडतो? कारखान्यांचा हिशेब बदलणारे जोसेफ ऑर्लिकी कोण होते?

शंभर ट्रॅक्टरची ऑर्डर संगणकात टाकली, की कोणता सुटा भाग किती लागेल, स्टोअरमध्ये किती शिल्लक आहे, किती मागवायचा आणि कोणत्या आठवड्यात मागवायचा, याची यादी आज काही मिनिटांत समोर येते. चाकण किंवा भोसरीतल्या लघुउद्योजकाला मोठ्या कंपनीकडून जे ‘शेड्युल’ येते, ते बहुतेक वेळा याच हिशेबातून निघालेले असते. या पद्धतीला ‘मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग’ किंवा ‘एमआरपी’ म्हणतात. पाकिटावरच्या छापील किमतीशी या ‘एमआरपी’चा संबंध नाही. ही पद्धत घडवण्यात आणि जगभर नेण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो, ते म्हणजे जोसेफ ऑर्लिकी. त्यांचे काम काय होते आणि ते आजही का लागू पडते, हे समजून घेऊ.

जोसेफ ऑर्लिकी कोण होते?

ऑर्लिकी यांचा जन्म १९२२ मध्ये तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात झाला. पुढे ते अमेरिकेत गेले. तिथे विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन शहरातील ‘जे. आय. केस’ या कंपनीत त्यांनी उत्पादन नियोजनाचे काम केले. ही कंपनी १८४२ मध्ये मळणी यंत्रे बनवण्यासाठी सुरू झाली होती. पुढे ती वाफेची इंजिने आणि ट्रॅक्टर बनवू लागली. ‘केस’ हे नाव महाराष्ट्रालाही अनोळखी नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या फडात दिसणारी ‘केस आयएच’ची लाल ऊसतोडणी यंत्रे याच नावाचा वारसा सांगतात आणि ती पुण्याजवळ चाकणला तयार होतात.

ऑर्लिकी यांच्या काळात रसीनच्या कारखान्यापुढे जी अडचण होती, ती ट्रॅक्टर बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्यापुढे होती. ट्रॅक्टरला हजारो सुटे भाग लागतात. शेतीचा हंगाम कुणासाठी थांबत नाही. एखादे बेअरिंग नसले तरी बाकी सगळा ट्रॅक्टर तयार असूनही कारखान्याच्या आवारात उभा राहतो. दुसरीकडे, जे भाग लवकर लागणार नाहीत त्यांनी गोदाम भरलेले असते. कंपनीचा पैसा लोखंडात अडकतो आणि तरीही जोडणीची लाइन थांबते.

त्याआधी कारखाने हिशेब कसा ठेवत?

प्रत्येक भागासाठी स्टोअरमध्ये एक कार्ड असे. माल आला की जमा, गेला की वजा. शिल्लक एका ठरावीक आकड्याच्या खाली गेली, की नवी ऑर्डर द्यायची. या आकड्याला ‘रीऑर्डर पॉइंट’ म्हणतात. एका वेळी किती मागवणे स्वस्त पडेल, याचे सूत्र अमेरिकी अभियंता फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्येच मांडले होते. पुढची अनेक दशके साठ्याचे शास्त्र या दोन गोष्टींभोवती फिरत राहिले.

ही पद्धत किराणा दुकानात बरी चालते. साखर रोज थोडी थोडी खपते, त्यामुळे सरासरीवर भरवसा ठेवता येतो. कारखान्यात तसे होत नाही. समजा, एका बेअरिंगचा आठवड्याचा सरासरी खप ५० आहे आणि शिल्लक २५० आहे. रीऑर्डर पॉइंट २०० असल्याने कार्ड गप्प आहे. त्याच दिवशी ६० गिअरबॉक्स एकदम जोडायला घेतले आणि एका गिअरबॉक्सला ६ बेअरिंग लागत असतील, तर ३६० बेअरिंग हवीत. म्हणजे एका दिवसात ११० बेअरिंगचा तुटवडा. मग घाईघाईने ऑर्डर जाते, माल येतो आणि पुढची गिअरबॉक्सची खेप लागेपर्यंत कित्येक आठवडे पडून राहतो.

दुसरा धोका संभाव्यतेच्या गणितात लपलेला होता. एखादा भाग १०० पैकी ९० वेळा स्टोअरमध्ये मिळतो, हे ऐकायला ठीक वाटते. पण एका जोडणीला असे १० वेगवेगळे भाग लागत असतील, तर दहाही भाग एकाच वेळी हाती असण्याची शक्यता साधारण ३५ टक्केच उरते. उपलब्धता ९५ टक्क्यांवर नेली तरी ती ६० टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे प्रत्येक भागाचा साठा स्वतंत्रपणे ‘चांगला’ असूनही जोडणी अडतेच. म्हणूनच त्या काळी प्रत्येक कारखान्यात ‘शॉर्टेज लिस्ट’ घेऊन एका विभागातून दुसऱ्या विभागात पळणारी माणसे असत. लाइन प्रत्यक्षात तीच चालवत.

ऑर्लिकी यांना नेमके काय उमगले?

ऑर्लिकी यांनी १९६० च्या दशकात मागणीचे दोन प्रकार वेगळे करून मांडले. ट्रॅक्टर किती विकले जातील, हे बाजार ठरवतो. त्याचा अंदाजच बांधावा लागतो. ही स्वतंत्र मागणी. पण ट्रॅक्टर किती बनवायचे हे एकदा ठरले, की गिअरबॉक्स किती लागतील आणि बेअरिंग किती लागतील हा अंदाजाचा विषय राहत नाही. तो गुणाकार-वजाबाकीचा विषय होतो. ही अवलंबी मागणी. जे मोजता येते त्याचा अंदाज का बांधायचा, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

ही गोष्ट आज साधी वाटते. पण तेव्हा कारखाने तयार ट्रॅक्टर आणि त्यातले बेअरिंग या दोन्हींना एकाच सरासरीच्या सूत्राने मोजत होते. सूत्र अधिक अचूक करण्यात हुशार माणसे गुंतली होती. ऑर्लिकी यांचे म्हणणे होते, की सुट्या भागांसाठी ते सूत्रच चुकीचे आहे.

‘बिल ऑफ मटेरियल’ म्हणजे काय?

हा हिशेब ज्या कागदावर उभा आहे, तो म्हणजे ‘बिल ऑफ मटेरियल’, कारखान्याच्या भाषेत ‘बीओएम’ किंवा ‘बॉम’. नावात बिल असले तरी त्यात पैसे मागितलेले नसतात. एखादी वस्तू कशाकशापासून आणि कोणत्या क्रमाने बनते, याची ती यादी. ट्रॅक्टरखाली इंजिन, गिअरबॉक्स, चाके. गिअरबॉक्सखाली शाफ्ट, गिअर, बेअरिंग. शाफ्टखाली पोलादी बार. वंशवृक्षासारखी ही रचना पायरी पायरीने खाली उतरते.

एक उदाहरण घेऊ. १०० ट्रॅक्टर बनवायचे आहेत. प्रत्येकाला १ गिअरबॉक्स आणि प्रत्येक गिअरबॉक्सला ६ बेअरिंग. सरळ गुणाकार केला तर ६०० बेअरिंग लागतील. स्टोअरमध्ये १५० आहेत, म्हणजे ४५० मागवावी लागतील. पण ३० गिअरबॉक्स आधीच जोडून तयार असतील तर? मग ७० गिअरबॉक्सच बनवायचे आहेत. त्यांना ४२० बेअरिंग लागतील आणि शिल्लक १५० वजा केली की २७० मागवायची. पायरी पायरीने वजाबाकी केल्यामुळे १८० बेअरिंगची अनावश्यक खरेदी टळली.

आता तारखा पाहू. ट्रॅक्टर १२ व्या आठवड्यात हवेत आणि अखेरच्या जोडणीला १ आठवडा लागतो, तर गिअरबॉक्स ११ व्या आठवड्यात हवेत. ते जोडायला २ आठवडे लागतात, म्हणून बेअरिंग ९ व्या आठवड्यात हवीत. पुरवठादाराला ४ आठवडे लागतात. म्हणजे ऑर्डर ५ व्या आठवड्यात गेली पाहिजे. आधी नाही, नंतरही नाही.

एकच बेअरिंग गिअरबॉक्समध्ये आणि चाकाच्या हबमध्येही लागत असेल, तर हिशेब अधिक नाजूक होतो. सगळीकडची मागणी गोळा होण्याआधी शिल्लक वजा केली, तर एकाच साठ्यावर दोघे हक्क सांगतात. म्हणून प्रत्येक भाग बीओएमच्या सर्वांत खालच्या ज्या पायरीवर येतो, ती पायरी त्याच्या नोंदीत लिहून ठेवतात आणि तिथे पोहोचल्यावरच त्याचा हिशेब करतात.

मग हे संगणकाआधी का जमले नाही?

तत्त्व कळले तरी हजारो भागांची ही आकडेमोड दर आठवड्याला हाताने करणे अशक्य होते. पंचकार्डांवर ती करता येई, पण कार्डांचे गठ्ठे क्रमाने लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचावे लागत. १९५६ मध्ये आयबीएमने ‘रॅमॅक’ हा चकतीवर माहिती साठवणारा संगणक आणला. त्यात ५० चकत्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या फोनमधल्या एका छायाचित्राएवढीच ती क्षमता. पण हवी ती नोंद थेट उघडता येणे ही त्या काळात मोठी झेप होती. गिअरबॉक्सच्या नोंदीवरून बेअरिंगच्या नोंदीवर थेट उडी मारता येऊ लागली.

‘केस’मध्ये ऑर्लिकी यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकावर एमआरपी उभी केली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे दर वेळी सगळा हिशेब पहिल्यापासून न करता फक्त जिथे बदल झाला तेवढाच भाग पुन्हा मोजणे. एखादी ऑर्डर रद्द झाली, एखादी खेप नाकारली गेली, तर तेवढ्याच फांदीचा हिशेब नव्याने होतो. ‘नेट चेंज’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीवर त्यांनी पुढे १९७३ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला.

आयबीएममध्ये त्यांनी काय केले?

‘केस’नंतर ऑर्लिकी आयबीएममध्ये गेले आणि कारखान्यांना संगणकाचा उपयोग समजावून देण्याच्या कामाला लागले. याच दशकात आयबीएमने ‘बिल ऑफ मटेरियल प्रोसेसर’ ही प्रणाली कारखान्यांना दिली. तिच्यात दोन प्रकारच्या नोंदी होत्या. एक, प्रत्येक भागाची स्वतंत्र नोंद : क्रमांक, वर्णन, शिल्लक, पुरवठ्याला लागणारा वेळ. दुसरी, कोणता भाग कशाखाली किती नग लागतो याची नोंद. बेअरिंगचे वर्णन एकाच जागी लिहायचे आणि ते ४० जोडण्यांत वापरले जात असेल तर तिथे फक्त त्याकडे बोट दाखवायचे. त्यामुळे उलटा प्रश्नही विचारता येऊ लागला, की हे बेअरिंग बंद झाले तर कोणकोणत्या यंत्रांना फटका बसेल?

हा प्रश्न ट्रॅक्टरपुरता नव्हता. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो मोहिमेच्या प्रचंड सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांसोबत ‘आयएमएस’ हा डेटाबेस तयार केला. तो १९६८ मध्ये सुरू झाला. संगणकीय डेटाबेसच्या इतिहासातल्या या महत्त्वाच्या टप्प्यामागेही सुट्या भागांची यादीच होती.

यादी लिहिण्याची पद्धत का महत्त्वाची ठरली?

डिझाइन विभाग यादी लिहितो ती यंत्र कसे आहे हे दाखवण्यासाठी. उत्पादन विभागाला ती हवी असते यंत्र कसे बनते हे समजण्यासाठी. या दोन याद्या जुळतातच असे नाही. १९७२ मध्ये ऑर्लिकी यांनी जॉर्ज प्लॉसल आणि ऑलिव्हर वाइट यांच्यासोबत बीओएमची रचना एमआरपीसाठी कशी करावी, यावर एक लेख लिहिला. सॉफ्टवेअर घेण्याआधी यादीची घडी नीट बसवा, असा त्याचा रोख होता.

समजा, ट्रॅक्टरसाठी ४ इंजिने, ३ प्रकारचे टायर, २ गिअरबॉक्स आणि ५ जोडअवजारे असे पर्याय आहेत. ग्राहक यांतून १२० वेगवेगळे ट्रॅक्टर निवडू शकतो. १२० याद्या लिहून प्रत्येकाच्या विक्रीचा अंदाज बांधणे मूर्खपणाचे ठरेल. त्याऐवजी १४ पर्यायांच्या १४ छोट्या याद्या आणि सर्वांना सामाईक असलेल्या भागांची एक यादी ठेवली, तर १५ याद्यांत काम भागते. अंदाज पर्यायाच्या पातळीवर बांधायचा आणि ग्राहकाची ऑर्डर आली की याद्या जोडायच्या.

भागाच्या क्रमांकाबाबतही शिस्त लागते. एका भागाला एकच क्रमांक आणि एका क्रमांकाचा एकच भाग. डिझाइन बदलल्यावर जुना आणि नवा भाग एकमेकांच्या जागी बिनधोक बसत असतील, तर क्रमांक तोच ठेवून फक्त आवृत्ती बदलता येते. बसत नसतील तर नवा क्रमांकच द्यावा लागतो. तो दिला नाही तर एकाच रॅकमध्ये दोन वेगळे भाग एका नावाने पडून राहतात आणि संगणक त्यांची बेरीज करतो.

‘एमआरपी’चा प्रसार कसा झाला?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑर्लिकी, प्लॉसल आणि वाइट या तिघांनी अमेरिकेतल्या उत्पादन व साठा नियंत्रण व्यावसायिकांच्या ‘एपिक्स’ या संघटनेमार्फत एमआरपीचा जोरदार प्रचार केला. तो इतका जोरात होता, की ‘एमआरपी क्रुसेड’ म्हणजे धर्मयुद्ध असेच त्याचे नाव पडले. १९७५ मध्ये ऑर्लिकी यांचे या विषयावरचे मुख्य पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या सुमारास जवळपास ७०० कंपन्या ही पद्धत वापरत होत्या.

ही पद्धत चालण्यासाठी काय आधी हवे, हेही ऑर्लिकी यांनी त्यात मांडले. काय आणि कधी बनवायचे याचा ठरलेला आराखडा हवा. प्रत्येक भागाला स्वतःची वेगळी ओळख हवी. नियोजनाच्या वेळी बीओएम तयार हवा. साठ्याची नोंद हवी. आणि या सगळ्या नोंदी खऱ्या हव्यात.

मग टीका कशावर झाली?

अनेक कंपन्यांनी संगणक घेतला, पण शेवटची अट गांभीर्याने घेतली नाही. बीओएममध्ये ६ बेअरिंग लिहिली आणि प्रत्यक्षात ७ लागत असली, तर संगणक दर वेळी एक बेअरिंग कमीच मागवणार, तेही पूर्ण आत्मविश्वासाने. हाताने चालणाऱ्या पद्धतीत अनुभवी स्टोअरकीपर ही चूक डोक्यात सांभाळून घेत असे. आता ती थेट पुरवठादारापर्यंत पोहोचू लागली. पुढे वाइट यांच्या नावाने रूढ झालेल्या निकषांत साठ्याच्या नोंदी किमान ९५ टक्के आणि बीओएम किमान ९८ टक्के अचूक असावेत, अशी अपेक्षा ठेवली गेली.

पद्धतीच्या स्वतःच्या मर्यादाही होत्या. यंत्रे आणि माणसे हवी तेवढी उपलब्ध आहेत, असे मूळ हिशेब धरून चालतो. पुरवठ्याला लागणारा वेळ ठरलेला आहे असेही तो मानतो. शिवाय वरच्या आराखड्यात थोडा बदल केला, तरी खालच्या पायऱ्यांवर मोठी उलथापालथ होते. त्याचा त्रास साखळीतल्या शेवटच्या माणसाला होतो. मोठी कंपनी शेड्युलमधला एक आकडा बदलते आणि लहान पुरवठादाराने आधीच घेतलेले पोलाद त्याच्या शेडमध्ये पडून राहते. त्यावरचे व्याज मात्र चालूच राहते. १९८० च्या दशकात टोयोटाच्या ‘कानबान’ पद्धतीकडे जगाचे लक्ष वळले, त्यामागे हेही एक कारण होते. पुढच्या प्रक्रियेला लागेल तेवढेच मागच्या प्रक्रियेने बनवायचे, असे कानबान सांगते. आज अनेक कारखाने लांबचे नियोजन एमआरपीने आणि रोजची हालचाल कानबानने करतात.

ऑर्लिकी यांच्यानंतर काय झाले?

१९७२ मध्येच आयबीएमच्या पाच माजी कर्मचाऱ्यांनी जर्मनीत ‘सॅप’ची स्थापना केली होती. वाइट यांनी एमआरपीला उत्पादनक्षमता आणि आर्थिक हिशेबाची जोड देणारी ‘एमआरपी-२’ ही कल्पना पुढे नेली. १९८३ मध्ये वाइट यांचे आणि १९८६ मध्ये ऑर्लिकी यांचे निधन झाले. ‘ईआरपी’ हा शब्द १९९० मध्ये ‘गार्टनर’ या संस्थेने रूढ केला, तेव्हा ऑर्लिकी हयात नव्हते. त्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १९९४ मध्ये प्लॉसल यांनी सिद्ध केली. तिसरी २०११ मध्ये आली. मुंबईत तयार झालेल्या आणि सर्वांना खुल्या असलेल्या ‘ईआरपीनेक्स्ट’मध्येही बीओएम उघडला, की भाग, नग आणि पायऱ्यांची तीच रचना दिसते.

चकत्यांच्या जागी क्लाउड आला आणि आठवड्याचा हिशेब मिनिटांवर आला. ऑर्लिकी यांची शेवटची अट मात्र तशीच आहे. रात्रपाळीत ठरलेला बोल्ट संपला म्हणून फिटरने दुसरा बसवला आणि ती नोंद झाली नाही, तर सॉफ्टवेअरच्या लेखी पहिला बोल्ट वापरला गेलेला असतो. दुसऱ्याचा साठा रॅकमध्ये घटतो, पडद्यावर घटत नाही. पुढच्या महिन्यात ज्या यंत्राला तो दुसरा बोल्ट खरोखर लागतो, त्याची जोडणी अडते आणि कारण शोधायला कुणाला तरी शॉर्टेज लिस्ट घेऊन पुन्हा स्टोअरमध्ये जावे लागते.